बारा टनांची पाटी

२ एप्रिल

आज मला रस्तेप्रमुख करण्यात आलं. त्या वेळी मी आत स्वयंपाकघरात वेलदोड्याच्या गोड पावांना लोणी लावत होते. ट्रे घेऊन बाहेर आले तर सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, पावांसाठी आहेत.

आमचा हाउकिलाम्पी गावचा रस्ता सरकारी नाही. हमरस्त्यापासून तळ्याच्या टोकापर्यंत ज्यांची घरं आहेत त्यांच्याच मालकीचा आहे. खडी आम्हीच टाकायची, चर आम्हीच उपसायचे आणि वर्षातून एकदा बैठकीला बसून आम्हीच भांडायचं. बैठकीत जो खोलीबाहेर असेल त्याच्या गळ्यात काम पडतं, ही इथली जुनी पद्धत. मला ती ठाऊक होती, तरी मी लोणी लावायला गेले.

"हिल्का, शाळेच्या स्वयंपाकघरात तू सगळी नोकरी पोरांना दुसऱ्यांदा वाढायला नाही म्हणण्यात घालवलीस," ओस्मो म्हणाला. "लाकडाच्या ट्रकला नाही म्हणायला तुला कितीसा वेळ लागणार?" ओस्मो म्हणजे गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख, तळ्यामागच्या जंगलाचा मालक, आणि प्रत्येक बैठकीत शेवटचं वाक्य आपलंच असावं असा हट्ट असलेला माणूस.

तर रस्तेमोडीचे दिवस आले आहेत. जमीन वरून वितळते, खाली गोठलेलीच राहते, मधल्या पाण्याला जायला वाट नसते आणि रस्त्याची लापशी होते. त्यावरून जड गाडी गेली की वर्षभराची खडी चिखलात. म्हणून वजनाची पाटी लावायची, बारा टन. सवलत फक्त दुधाच्या टँकरला, कारण रस्त्याच्या टोकाला आइमोचा गोठा आहे आणि या रस्त्यावर आता गाई तेवढ्या त्याच्याकडेच उरल्या आहेत. गेल्या वसंतात टँकर दोनदा रुतला. यंदा पुन्हा रुतला तर हा रस्ता फेरीतून वगळू, असं डेअरीने कळवलं आहे. तसं झालं तर आइमोचं दूध गटारात आणि गाई बाजारात.

माझ्या कारकिर्दीत टँकर रुतणार नाही, असं मी बैठकीत सर्वांना सांगितलं. आइमो खिडकीबाहेर बघत होता. तो बैठकीत नेहमीच खिडकीबाहेर बघतो.

६ एप्रिल

लोखंडी सळई घेऊन रस्ता तपासला. वीतभर जाते, मग ठक्कन गोठणीवर, म्हणजे खालच्या गोठलेल्या थरावर, आपटते. पाटी लावायचा दिवस आला.

आइमोने खांब धरला, मी घण घातला. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. लहानपणी एकाच बर्फावर आपटलो आहोत. गुडघे त्याचे गेले आहेत, पण खांब सरळ धरतो.

"कधीपर्यंत ठेवशील गं?" त्याने विचारलं.

"गोठण पूर्ण जाईपर्यंत."

"म्हणजे मेच्या मध्यापर्यंत?"

"बहुधा."

"गवत त्याच्या थोडं नंतर येतं," तो म्हणाला.

मी म्हटलं, पाटीचा गवताशी काही संबंध नाही. तो म्हणाला, नाही, संबंध कसा असेल. मग आम्ही कॉफी प्यायलो.

संध्याकाळी ओस्मोचा फोन आला. त्याच्या लाकडांचा ढीग कडेला पडून आहे आणि ट्रक उद्या येणार होता. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "अगं, निदान विचार तरी केल्यासारखं कर." मी थोडा वेळ गप्प राहिले आणि पुन्हा नाही म्हटलं.

१३ एप्रिल

टँकर सुखरूप गेला. रात्री पडलेल्या थंडीने पहाटे वरचा थर घट्ट असतो, तेव्हाच ये असं मी चालकीणबाईंना बजावलं होतं. सान्ना तिचं नाव, मोठी हुशार पोर आहे. मागचा जोड-टँकर तिने फाट्यावरच सोडला आणि फक्त पुढची गाडी आत आणली. मी वळणावर उभी राहून चाकं बघत होते. तळ्याजवळचं ते वळण म्हणजे आमच्या रस्त्याची दुखरी दाढ आहे.

परत जाताना तिने काच खाली केली. "हिल्काताई, एवढ्या थंडीत कशाला उभ्या राहता? या वर्षीपुरतंच तर..." एवढं बोलून ती थांबली आणि म्हणाली, "या वर्षी थंडी जरा जास्तच आहे."

ड्रायव्हर लोकांना वाक्यं पुरी करायची सवय नसते.

१९ एप्रिल

दुपारी एका जनावर-वाहतूकवाल्याचा फोन आला. आमच्या रस्त्यावर मोठी गाडी आणायची आहे, रस्तेप्रमुखांची परवानगी हवी. बोलायला सभ्य होता.

"किती वजन?" मी विचारलं.

"येताना वीसेक टन बाई, रिकामी असेल. जाताना पस्तीसच्या वर जाईल. सव्वीस गाई आहेत."

"मग नाही."

"येताना तरी कमी आहे ना."

"रस्त्याला येणं-जाणं कळत नाही, वजन कळतं," मी म्हटलं. "गोठण गेल्यावर फोन करा."

तो म्हणाला, मालकांनीही हेच सांगितलं होतं, तरी विचारून बघितलं.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की सव्वीस गाई म्हणजे हे आइमोचंच काहीतरी असणार. सव्वीस नव्या गाई! या वयात माणूस धंदा वाढवतोय आणि मला चकार शब्द बोलला नाही. येताना-जातानाचा त्या माणसाने घोटाळा केला असावा. तशीच गेले गोठ्यावर आणि सांगितलं, तुझी गाडी मी परत पाठवली, राग मानू नकोस, पण नियम म्हणजे नियम.

आइमो गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. त्याने तिची पाठ दोनदा थोपटली. मग म्हणाला, "चांगलं केलंस हिल्का. फार चांगलं केलंस." मला संकोच वाटला, एवढं काही मी केलं नव्हतं.

निघताना त्याने बरणीभर चीक दिला, परवाच एक गाय व्याली आहे. घरी येऊन भट्टीत खरवस लावला. वरून छान तांबूस झाला.

२० एप्रिल

विशेष काही नाही. सळई हातभर. उरलेला खरवस.

२७ एप्रिल

वळण खचलं. पाणी वर आलं आहे, पाय ठेवला की आजूबाजूची जमीन हलते. सकाळपासून आइमो आणि मी देवदाराच्या फांद्या तोडून खाली अंथरत होतो, वरून खडी. टँकर परवा येणार आहे.

इतका मनापासून रस्त्याची काळजी करणारा सभासद मी पाहिला नाही. पण त्याची काळजी जरा वेगळी आहे. मी म्हणते, इथे आता बरं दिसतंय. तो म्हणतो, बघ, तिकडे अजून मऊ आहे, आणि तसं म्हणताना त्याचा चेहरा उजळतो. गोठण जायला यंदा वेळ लागेल असं मी म्हटलं तेव्हा तो चक्क हसला.

दुपारी डबा खाताना गाईंविषयी बोलत होता. सगळ्यात थोरली ओमेना. हिवाळाभर आत बांधलेली असते, पण कुरणाच्या फाटकाला तेलपाणी करायला घेतलं की आवाजावरून ओळखते आणि ओरडायला लागते. "सोडायचा दिवस तिला माझ्याआधी कळतो," तो म्हणाला. मी विचारलं, नव्या गाईंना हे कळायला किती दिवस लागतील? तो म्हणाला, "कुठल्या नव्या?" मग म्हणाला, "हां. लागतील काही दिवस."

विसरभोळा होत चालला आहे. वयच झालं.

१ मे

ओस्मोकडे सणाचे तळलेले गोड वडे आणि लिंबाचं आंबवलेलं सरबत. रस्त्यावरची सगळी घरं जमली होती. आइमो आला नाही. गोठ्यात काम आहे म्हणाला.

संधी साधून मी प्रस्ताव मांडला. आइमोचा धंदा वाढतो आहे, दूध दुप्पट होईल, टँकर मोठा येईल, तेव्हा या उन्हाळ्यात वळण खोदून खालपासून भरून काढू. सगळ्यांनी एक एक दिवस अंगमेहनत द्यावी.

सगळे आपापल्या पेल्यात बघत होते. ओस्मोसुद्धा गप्प, आणि तो गप्प बसला म्हणजे विरोध नाही असंच समजायचं. शेवटी त्याने माझ्या ताटात आणखी एक वडा ठेवला आणि म्हणाला, "खा गं तू."

प्रस्ताव पटला असावा. लिहून ठेवते.

९ मे

आठवडाभर ऊन आणि वारा. सळई जवळपास सगळीकडे आरपार जाते. वळणसुद्धा धरलं आहे. टँकर एकदाही रुतला नाही, हे इथे मुद्दाम लिहिते, कारण बाकी कोणी म्हटलेलं नाही.

आइमोला सांगितलं, तीन-चार दिवसांत पाटी काढते, तुझी गाडी आण आता. तो म्हणाला, वळणावर अजून मऊ आहे. मी म्हटलं, मी सकाळीच तपासलं. तर सळई घेऊन स्वतः गेला. सळई खुपसली, पण नुसती टेकवल्यासारखी, आणि म्हणाला, "बघ, जात नाही. खाली गोठण आहे."

मी सळई घेऊन दाबली. मुठीपर्यंत गेली.

"माझ्या हातात आता जोर नाही," तो म्हणाला.

मला कडक म्हणतात. आइमो माझ्याहून कडक निघाला.

११ मे

आज कळलं.

सान्ना टँकर भरून परत येत होती. मी तिला हात केला आणि सांगितलं की परवा पाटी निघणार, आता पहाटे यायला नको, जोड-टँकरसुद्धा आत आण. ती इंजिन बंद करून खाली उतरली. ती कधी उतरत नाही.

"ताई, जोड-टँकर कशाला आणू?" ती म्हणाली. "पाटी निघाली की गाई जाणार. तुम्हाला खरंच माहीत नाही? मला वाटलं, माहीत असून तुम्ही आपलं..." तिने याही वेळी वाक्य पुरं केलं नाही, पण या वेळी मला उरलेलं ऐकू आलं.

मी रस्त्याकडेला ओस्मोच्या लाकडांवर बसले. येताना रिकामी, जाताना भरलेली. कुठल्या नव्या. खा गं तू. सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं आणि रस्तेप्रमुखाला नव्हतं. स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं.

आइमो फाटकाशी बसला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. मग तू खांब ठोकायला आलीस. टँकर रुतू देणार नाही म्हणालीस. हिल्का, माझ्या गोठ्यासाठी एवढी धडपड कोणी केलीच नव्हती. तोंड उघडेना."

"कधी ठरलं?"

"हिवाळ्यात. गुडघे बघ ना. मुलगी शहरात, तिला गोठा नको, आणि तिचं चुकलेलं नाही. तरुण गाई दक्षिणेत मोठ्या गोठ्यात जातील, तिथे यंत्रं दूध काढतात. थोरल्या..." तो थांबला. "थोरल्या त्याच गाडीतून पुढे."

पुढे म्हणजे खाटिकखान्यात, हे मला कळलं; मी त्याच्या शेजारी बसले.

"एकदा गवतावर सोडायच्या होत्या," तो म्हणाला. "आठ महिने बांधलेल्या आहेत. साखळीवरून सोडून थेट गाडीत चढवायच्या, हे मला जमायचं नाही. करारात लिहिलंय, रस्ता उघडेल त्या दिवशी. मी म्हटलं, देवा, गोठण टिकू दे."

"गवत कधी येईल?"

"दहा दिवस. ऊन राहिलं तर आठवडा."

"रस्ता कोरडा आहे आइमो."

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

१२ मे

पाटी काढली नाही. पुन्हा एकदा तपासलं. रस्ता फार चांगला आहे. असा चांगला रस्ता बघून वैताग येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

१४ मे

वाहतूकवाल्याचा फोन. चाळीस किलोमीटरवर राहतो, तिकडचे सगळे रस्ते उघडले आहेत, आमचाच का नाही? मी म्हटलं, वळण. तो म्हणाला, उद्या सकाळी स्वतः येऊन बघतो, बाई, रागावू नका.

मी रागावले नाही, घाबरले. आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिला नाही मी, शाळेतल्या वाटाण्याच्या सुपाचासुद्धा.

कोणाला सांगावं म्हणून ओस्मोकडे गेले. लाकडांचं कारण काढून तो मला चार शब्द सुनावेल अशी तयारी होती. त्याने ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि म्हणाला, "आमच्या दलाचा वसंतातला सराव राहिलाय."

"मग?"

"कुठे करावा याचा विचार चाललाय. तळ्याजवळ हवा. पाणी उपसायला बरं." मग म्हणाला, "रस्त्याचा वापर करायचा तर रस्तेप्रमुखाची परवानगी लागते. म्हणून विचारतो."

मी या वेळी विचार केल्यासारखं केलं नाही. लगेच हो म्हटलं.

१५ मे

अग्निशमन दलाचा सराव यशस्वी झाला. पहाटे सान्नाचा टँकर दूध घेऊन गेला आणि लगेच पंप चालू झाला; पुढच्या फेरीला तिच्यापुरत्या फांद्या पुन्हा अंथरायचं ठरलं होतं. गृहीत धरलेली आग वळणाच्या बरोबर मधोमध लागली होती आणि विझता विझत नव्हती. वळण खचू नये म्हणून महिनाभर मी जे पाणी चरात काढलं, ते सगळं आणि वर निम्मं तळं त्यावर ओतलं गेलं. मी बघत उभी होते. आपण अंथरलेल्या फांद्या आपल्याच डोळ्यांसमोर वर तरंगायला लागल्या की बरं वाटत नाही.

वाहतूकवाला न्याहारी उरकून आला. स्वच्छ बूट घातले होते. गाडीतून उतरून चार पावलं चालला आणि पाचव्याला घोट्यापर्यंत आत गेला.

"हे इतकं ओलं कसं?" त्याने विचारलं.

"इथे तळं जवळ आहे," मी म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं.

त्याने कडेला पाइप गुंडाळणाऱ्या माणसांकडे पाहिलं. "आणि हे?"

"सराव," ओस्मो म्हणाला. "उन्हाळा येतोय. आगी लागतात."

तो माणूस मूर्ख नव्हता. त्याने पाइपाकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं, मग रस्त्याच्या टोकाला गोठ्याच्या छपराकडे पाहिलं. बुटातलं पाणी झटकत म्हणाला, "माझ्या बापाकडेही गाई होत्या. किती दिवस लागतील वाळायला?"

"पुढच्या आठवड्याच्या शेवटापर्यंत," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकाला सांगतो, रस्ता वाईट आहे."

तो गेल्यावर मी घरी निघाले आणि माझीच गाडी वळणात रुतली. ओस्मोने ट्रॅक्टरने ओढून काढली आणि जन्मभर पुरेल एवढा आनंद लुटला.

२१ मे

आज आइमोने गाई सोडल्या.

बोलावणं कोणाला नव्हतं, पण रस्त्यावरची सगळी घरं कुंपणाशी उभी होती, सान्नासुद्धा, तिची सुट्टी असून. मी थर्मासमधून कॉफी आणली होती. फाटकाची कडी वाजली आणि आत ओमेनाने जो हंबरडा फोडला, तो तळ्यापलीकडे गेला असेल.

आधी त्या दारात अडखळल्या. उजेडाने डोळे मिटले. मग पहिलीचा खूर गवताला लागला, आणि ते एवढं मोठं धूड चारी पायांवर उडालं. तिच्यामागे सगळ्या. शेपट्या वर, कासा हिंदकळतायत, मागच्या पायांनी आभाळाला लाथा, एकमेकींना ढुशा. ओमेना सगळ्यांत शेवटी आली. म्हातारी, कंबर धरलेली. तिने दोन पावलं टाकली, वास घेतला, आणि पोरीसारखी पळत सुटली. मी मोठ्याने हसले. शेजारी ओस्मो रडत होता, दाढीत लपेल असं त्याला वाटत असावं.

आइमो फाटकाला धरून उभा होता. गाई शांत होऊन चरायला लागल्या तेव्हा तो माझ्याजवळ आला.

"काढ आता पाटी," तो म्हणाला.

"अजून दोन दिवस थांबता येईल."

"दोन थांब," तो म्हणाला. "पण तिसरा नको. नाहीतर मग मला जमायचं नाही."

२४ मे

काल पाटी काढली. ट्रक आज सकाळी आला. आइमोने एकेकीला नावाने हाक मारून चढवलं. कोणी आडमुठेपणा केला नाही. ओमेनाच्या वेळी तो तिच्याबरोबर आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. वाहतूकवाला सिगारेट ओढत दुसरीकडे बघत राहिला. घाई नाही म्हणाला.

वळणावरून भरलेला ट्रक गेला तेव्हा मी तिथे होते. रस्ता जरासुद्धा दबला नाही. मी घरी येऊन रडले.

संध्याकाळी दारावर थाप पडली. आइमो होता. धुतलेला शर्ट घातला होता, केसांवरून पाण्याचा हात फिरवला होता. आत यायला सांगितलं तरी उंबऱ्यातच घुटमळला.

"धारा काढायची वेळ झाली," तो म्हणाला.

"हो रे."

"हिल्का, लोक या वेळेला काय करतात?"

मी खुर्ची पुढे ओढली. "बसतात," मी म्हटलं.

तो आला आणि बसला, खुर्चीच्या कडेवर, हात दोन्ही मांड्यांवर पालथे. कॉफी दिली, ती गार झाली. ते हात माझ्याने बघवेनात. शेवटी मी बटाट्यांची टोपली आणि चाकू त्याच्यापुढे ठेवला. दोघांना लागतील त्याहून कितीतरी जास्त बटाटे त्याने सोलले. मी त्याला थांबवलं नाही.